शेवंतीने खाल्लेला पॉइंट

दिवाळीच्या तोंडावर शेवंती नावाच्या घोडीने सावरमाथ्याचा मावळती पॉइंट खाल्ला, आणि त्या दिवसापासून सावरमाथ्यावरचा सूर्य शेवंती जिथे उभी असेल तिथे मावळू लागला.

यात शेवंतीची काही चूक नव्हती. तिच्यापुढे टाकलं ते तिनं खाल्लं. टाकायला सांगितलं होतं नगरपरिषदेनं, आणि तेही रीतसर ठराव करून, एकमतानं.

सावरमाथा हे थंड हवेचं ठिकाण. वर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे येणारा माणूस एकतर आपल्या पायांनी फिरतो, नाहीतर घोड्याच्या. बघायला पॉइंट आहेत, खायला चिक्की आहे आणि नावं ठेवायला नगरपरिषद आहे. एकूण गावाला काही कमी नव्हतं. मग वेल आली. कुठल्याशा बंगल्याच्या फाटकावर शोभेसाठी कुणीतरी ती परदेशातून आणून लावली. फुलं जांभळी, पानं तळहाताएवढी. फाटकावरून ती कुंपणावर गेली, कुंपणावरून बंगल्यावर, आणि बंगल्यावरून कुणाला न विचारता गावभर. चार दिवसांसाठी येऊन मुक्काम ठोकणारे नातेवाईक प्रत्येक घरानं पाहिलेले असतात, तेव्हा लोक तिला पाहुणी म्हणू लागले.

पाहुणीची एक खोड होती. ती ज्यावर चढे त्याला इतकं घट्ट आवळी की काही दिवसांनी आत ती वस्तू उरतच नसे. बाजारातला बँडस्टँड तिनं वेढला. उद्यान विभागाच्या माणसांनी कोयते घेऊन वेल तोडली आणि आत बघतात तर आणखी वेल. बँडस्टँड नव्हता. त्याबद्दल फारशी ओरड झाली नाही, कारण बँड केव्हाच बंद पडला होता. पण मग तिनं रस्त्यावरचे मैलाचे दगड घेतले, हाक मारली की परत येते तो इको पॉइंट घेतला, तेव्हा मंडळी जागी झाली. पाहुणीला तोडलं की ती दुप्पट येई. मुळाशी मीठ टाकून पाहिलं, तर ते तिला मानवलं.

शेवटी दस्तगीर घोडेवाल्याच्या मिर्झा घोड्यानं वाट दाखवली. एका सकाळी तो दावं तोडून पळाला आणि सापडला तेव्हा पाहुणीत तोंड खुपसून मजेत चरत होता. जिथं चरला तिथं वेल पुन्हा उगवली नाही. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी देवस्थळी हे फाईल वाचून मग सही करणारे गृहस्थ होते. त्यांनी स्वतः जाऊन जागा पाहिली, मिर्झाकडे पाहिलं आणि पाहुणी वेल घोड्यांचा चारा म्हणून वापरण्याची योजना मंजूर करून घेतली. प्रत्येक घोडेवाल्याला एकेक जागा नेमून दिली गेली. घोड्यांना तर ती वेल इतकी आवडली की विचारू नका. महिन्याभरात त्यांच्या अंगावर अशी तुकतुकी आली की लग्नाच्या वरातीवाल्यांनीही मान वळवून बघावं.

फक्त एक झालं. वेलीनं जे गिळलं होतं ते घोड्यांत उतरलं.

मिर्झानं खाल्ला होता मैलाचा दगड. त्यावर लिहिलं होतं, ‘बाजार दोन किलोमीटर’. आता मिर्झा जिथे उभा राहील तिथून बाजार दोन किलोमीटरच असे. दस्तगीर त्याच्यावर बसून तासन्‌तास चाले, बाजार काही जवळ येईना. मग त्यानं डोकं चालवलं. खाली उतरायचं, मिर्झाला झाडाला बांधायचं आणि आपण पायी जायचं, की लगेच बाजार. बाबू ढेबेच्या घोड्यानं इको पॉइंट खाल्ला. त्याच्याजवळ काही बोललं की तेच तीनदा परत येई. बाबूला घोड्याला शिव्या घालायची जुनी सवय, ती पंधरवड्यात सुटली. बाबूच्या बायकोनं योजनेचं उघड कौतुक केलं.

लोकांनी हे समजून घेतलं. वस्तू अजिबात जाण्यापेक्षा घोड्यात का होईना, पण आहे, हे बरंच म्हणायचं.

मावळती पॉइंट आला कोंडाबाई आखाडेच्या वाट्याला. कोंडाबाई म्हणजे उंच, काटक बाई, आवाज खणखणीत. नवऱ्यामागे लगाम तिनं हातात घेतला तेव्हा दोनचार जणांनी नाकं मुरडली होती. ती नाकं पुढे आपोआप सरळ झाली. शेवंती तिच्या हातावर वाढलेली. आई मेलेलं शिंगरू, दुधात बोट बुडवून ते चोखायला देत कोंडाबाईनं ते जगवलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं आणि त्याचं दुःख करायला शेवंतीनं तिला सवड दिली नव्हती. या घोडीवर तिचा जीव होता, अगदी उघड, आणि तो कुणापासून लपवण्याची तिला गरज वाटत नसे.

सावरमाथ्याच्या घोडेवाल्यांत एक रीत आहे. घोड्यापुढे काहीही टाकायचं, तर त्यातली पहिली काडी आपल्या तोंडात घालायची. डोंगरावर काय विषारी आणि काय नाही याचा भरवसा नसतो, त्यातून ही रीत पडली. आता तर ती अशी अंगवळणी पडलीय की घोडेही मालकाचं तोंड हललेलं पाहिल्याशिवाय चाऱ्याला तोंड लावत नाहीत. घोडेवाल्याच्या घरात नवी सून आली की कुंकवाच्या आधी तिच्या हातात गवताची काडी देतात.

मावळती पॉइंटचा कठडा, बाक आणि समोरचा सगळा देखावा पाहुणीनं कधीच पोटात घातला होता. तिथं उभं राहिलं तर पुढे नुसती पांढरट, भकास हवा दिसे. कोंडाबाईनं वेलीचा एक शेंडा ओढला. तो सगळ्यात पुढे गेलेला, पार कड्याबाहेर दरीवर लोंबत होता. तो तिनं चावून पाहिला. आधी तुरट, मग गोड. जीभ काही चुरचुरली नाही. मग तिनं बाकीची वेल शेवंतीपुढे सोडली, आणि शेवंतीनं तो पॉइंट चार दिवसांत चवीनं संपवला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कोंडाबाई घोडीला घरी घेऊन आली आणि अंगणात बांधून खरारा करू लागली. अंगणापुढे शेजाऱ्याच्या न्हाणीघराची भिंत होती. इतकी वर्षं तीच होती. घोडीच्या पाठीवरून तिची नजर सहज पुढे गेली, तर भिंत नाही. तिथे दरी होती, दरीपलीकडे एकामागे एक निळे डोंगर होते आणि त्यांच्यावर लालबुंद सूर्य टेकत होता. कोंडाबाईनं मान बाजूला करून पाहिलं. न्हाणीघर होतं. पुन्हा घोडीच्या पाठीवरून पाहिलं. सूर्य होता.

तेवढ्यात दस्तगीर आला. मिर्झाला तो वाटेतच बांधून आला होता.

“वहिनी, गावात सूर्य मावळायचा बंद झालाय. नुसताच अंधार पडतोय. हाटेलातली मान्सं कॅमेरे घिऊन हिकडं तिकडं पळत्यात. तुमाला कायी ठावं हाय का?”

“हितं मावळतोय,” कोंडाबाई म्हणाली. “या, पाठीमागनं बघा. अंगाला टेकू नका तिच्या, लाजाळू हाय ती.”

दस्तगीरनं शेवंतीच्या पाठीवरून पाहिलं. शेवंतीनं माशी उडवायला कातडी थरथरवली, तसे डोंगर जरा हलले आणि पुन्हा स्थिर झाले.

“झ्याक,” तो म्हणाला. “न्हाणीघराला लागून झ्याक दिसतंय.”

खरारा झाला, शेवंतीचं खाणं झालं, कोंडाबाईनं रिकामं घमेलं उचललं आणि घराकडे वळली. तिच्या मागे सूर्य बुडाला.

असे काही दिवस गेले. ती शेवंतीला कुठेही नेई, पर्यटक मागे मागे येत, आणि दिवसाच्या शेवटी घोडी जिथे असेल तिथे, चिक्कीच्या दुकानासमोर म्हणा किंवा पिठाच्या गिरणीमागे, व्यवस्थित सूर्यास्त होई. गिरणीमागचा सगळ्यात चांगला, असं पर्यटकांचं मत पडलं. कोंडाबाईला याचा त्रासही नव्हता आणि अप्रूपही नव्हतं.

मग देवस्थळी साहेबांनी तिला कचेरीत बोलावलं. ते सभ्य होते, तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

“कोंडाबाई, तुमच्या घोडीबद्दल आमची काहीच तक्रार नाही,” ते म्हणाले. “प्रश्न पॉइंटचा आहे. पॉइंट ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती अशी कुणाच्या अंगणात बांधून ठेवता येत नाही.”

“मग न्या की तुमचा पॉइंट. घोडी ठिवा.”

“वेगळा करता आला असता तर केला असता. पशुवैद्यकांना विचारलं. ते म्हणतात, पचलाय.”

“मग झालंच. पचलेलं कुनी परत मागतं व्हय?”

“मागावं लागतंय,” देवस्थळी म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “शेवंतीला पॉइंटच्या मूळ जागी ठेवावं लागेल. कायमचं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

कोंडाबाईनं मनाला लावून घेतलं. तिनं कचेरीत जो आवाज चढवला तो बाबू ढेबेच्या घोड्यानं बाहेर रस्त्यावर उभ्या उभ्या तीनदा परत पाठवला. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि शेवंतीला घेऊन गेली. कठडा नवा बसवला, बाक ठेवलं, आणि घोडीच्या गळ्यात पाटी अडकवली, ‘मावळती पॉइंट. कृपया कचरा टाकू नये’.

पाटी लटकवताना एक अडचण पुढे आली. सावरमाथ्याचा जुना नियम आहे की पॉइंटवर घोडे न्यायला सक्त मनाई. पर्यटकांनी बाहेर उतरायचं आणि आत पायी जायचं. आता शेवंती घोडी असेल तर तिला मावळती पॉइंटवर, म्हणजे स्वतःवर, उभं राहता येणार नव्हतं. नगरपरिषदेनं यावर बरीच चर्चा केली आणि शेवंतीला घोडी समजण्यात येऊ नये असं ठरवलं. पॉइंटला चारा लागत नाही, रंगरंगोटी लागते. तरीही देवस्थळींनी उद्यान विभागाला सांगून रोज पाहुणीचा भारा तिच्यापुढे टाकण्याची तजवीज केली. फक्त मोकळ्या जमिनीवरची, जिनं काही गिळलेलं नाही अशीच पाहुणी आणायची, हेही त्यांनी बजावलं. तेवढा विचार त्यांनी केला होता.

शेवंतीनं भाऱ्याला तोंड लावलं नाही. ती भारा टाकणाऱ्या शिपायाच्या तोंडाकडे बघत राहिली. शिपायाचं तोंड काही हललं नाही. घोडेवाल्याच्या घरचा नव्हता तो, त्याला काय माहीत! आणि कुणी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं साफ नकार दिला. काही खाल्लं आणि उद्या आपणच मैलाचा दगड झालो तर, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

कोंडाबाई रोज पॉइंटच्या फाटकापर्यंत जाई. नव्या कठड्याचं उद्घाटन होईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही असा हुकूम होता. फाटकापासून कठडा दिसत नसे, मध्ये झाडी होती. पण शेवंतीला मात्र तिचा वास लागे, आणि झाडीपलीकडून ती खिंकाळे. ते खिंकाळणं उपाशी जनावराचं आहे हे कोंडाबाईला कुणी सांगायला नको होतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला.

“आत सोड मला. एक काडी खाऊन दावते तिला, लगीच भायेर येते.”

“मावशी, हुकूम न्हाई,” फाटकावरचा माणूस म्हणाला.

“ती मरंल.”

“ती आता घोडी न्हाई ना पन मावशी. पॉइंट हाय. मरंल कशी?”

कोंडाबाईनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

शेवंतीला नेल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी जे सुरू झालं होतं ते एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. सूर्य खाली आला, डोंगराला टेकला, अर्धा आत गेला आणि तिथेच राहिला. पहिल्यांदा हॉटेलवाल्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फाटकाबाहेरच्या झाडांवर चढून पर्यटक फोटो काढत होते आणि कुणाचाही फोटो हुकत नव्हता. एका कार्यालयात गोरज मुहूर्तावर लग्न होतं. मुहूर्त संपायचं नाव घेईना, तेव्हा गुरुजींनी आणखी काही जमलेली लग्नं बोलावून घेतली आणि लावून टाकली.

पण मग कोंबड्या झोपेनात. म्हशी दूध चोरू लागल्या. दिवेलागण न झाल्यामुळे शुभंकरोती म्हणायची की नाही यावर घराघरात वाद पेटले, आणि पोरांनी अंगणातला खेळ काही आवरला नाही. डोंगराखालच्या गावांचा सूर्य वेगळा होता. तो आपल्या वेळेनं मावळे आणि उगवे, तिथली माणसं झोपून ताजीतवानी वर कामाला येत. सावरमाथ्याची माणसं मात्र त्या तांबूस उजेडात लाल डोळ्यांनी फिरत होती आणि ‘आज’ म्हणजे कुठला दिवस हे एकमेकांना विचारत होती.

देवस्थळी साहेब कोंडाबाईच्या घरी आले. एकटे, पायी. दाढी वाढली होती. ओट्यावर बसायच्या आधी त्यांनी पायातल्या चपला दोनदा काढल्या, एकदा चुकून परत घातल्यामुळे.

“कोंडाबाई, सूर्य बुडत नाहीये.”

“माजी घोडी खात न्हाई.”

“मला वाटतं, ही एकच तक्रार आहे,” देवस्थळी म्हणाले. “तुमच्या अंगणात होती तेव्हा तो बुडत होता. गिरणीमागे बुडत होता. पॉइंट तोच, घोडी तीच. मग कमी काय आहे?”

“मी.”

“तुम्ही का?”

“ते काय मला इचारताय? मी काय सूर्य हाय?”

देवस्थळी विचारात पडले. झोप नसली तरी ते पद्धतशीर माणूस होते. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पॉइंट कधी खाल्ला? कुणी खाऊ घातला? सगळाच्या सगळा घोडीनंच खाल्ला का?

“सगळा तिनंच,” कोंडाबाई म्हणाली. मग तिनं आठवलं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. “पैली काडी माजी. आमची रीत हाय.”

“कुठली काडी?”

“शेंडा. कड्याच्या भायेर लोंबत व्हता त्यो.”

देवस्थळींनी मान वर करून पाहिलं. समोर शेजाऱ्याच्या न्हाणीघरावर तो न संपणारा उजेड पडला होता.

“म्हणजे पॉइंटचं शेवटचं टोक तुमच्याकडे आहे,” ते म्हणाले. “बाकी सगळा सूर्यास्त शेवंतीत. बुडणं तेवढं तुमच्यात.”

कोंडाबाईनं छातीवर हात ठेवला. हल्ली दिवस कलला की आत काहीतरी ऊबदार जड होऊन बसे आणि घमेलं उचललं की खाली उतरे. तिला वाटलं होतं, वय झालं. तिला हे कळल्यावर आश्चर्य वाटलं, पण फार नाही. शेवंतीच्या ताटात ती आजवर इतकं जेवली होती की त्यातलं काही अंगी लागायचंच.

“तर मग तुम्हाला तिथे येऊन राहावं लागेल,” देवस्थळी म्हणाले. “कठड्याच्या आत. माझा नाइलाज आहे.”

“ऱ्हाईन की. मला कसली भीती? पन सायेब, एक सांगा. पॉइंट कुटवर हाय, त्ये तुमी कुटनं मोजता?”

“म्हणजे?”

“माजा नवरा तुमच्या मोजनीवाल्यांच्या साखळ्या धरायचा. त्येंच्यात हद्द धरतात ती कुटनं?”

देवस्थळींना उत्तर पाठ होतं. त्यांनी ते दिलं आणि देता देताच त्यांच्या लक्षात आलं. “कड्याच्या टोकापासून,” ते म्हणाले. “पॉइंटची हद्द कायम कड्याच्या टोकापासून मागे मोजायची.” त्यांनी कोंडाबाईकडे पाहिलं. “म्हणजे टोक जिथे, पॉइंट तिथे. टोक इथे ओट्यावर बसलंय.”

“मग पॉइंट जाग्यावर न्हाई,” कोंडाबाई म्हणाली. “भलत्याच ठिकानी बांधलाय तुमी. आना त्याला हिकडं.”

दुसऱ्या कुणा अधिकाऱ्यानं यातून पळवाट काढली असती. देवस्थळींनी नियम पाळला. ते उठले, चपला नीट घातल्या आणि स्वतः जाऊन, शेवंतीच्या गळ्यातली पाटी हातात धरून, तिला चालवत घेऊन आले. फाटकावरच्या माणसानं वाट सोडली. रस्त्यानं लोक दारात येऊन उभे राहिले होते, आणि अर्धवट बुडालेला सूर्य घोडीबरोबर घरांच्या भिंतींवरून पुढे पुढे सरकत होता.

शेवंतीच्या बरगड्या दिसत होत्या. कोंडाबाई तिच्या गळ्यात हात टाकून नुसती उभी राहिली, आणि घोडीनं तिच्या खांद्यावर सगळं डोकं टाकलं. मग कोंडाबाईनं पाहुणीचा भारा सोडला. एक काडी घेतली, शेवंतीच्या डोळ्यांसमोर तोंडात घातली, सावकाश चावली. तुरट, मग गोड. शेवंती वाकली आणि खाऊ लागली.

अंगणाबाहेर गाव गोळा झालं होतं. कुणी घाई करा म्हणालं नाही. घोडी पोटभर जेवेपर्यंत सगळे उभे राहिले, काही उभ्या उभ्याच झोपले. शेवटी कोंडाबाईनं घमेलं उचललं आणि दाराकडे वळली. सूर्य बुडाला. अंधार पडला तेव्हा एका म्हातारीनं मोठ्यानं ‘आई गं’ म्हटलं आणि सगळे घरी गेले. सावरमाथा दुसऱ्या दिवशी दुपार टळेपर्यंत उठला नाही.

त्यानंतर सगळं रीतीला लागलं. शेवंतीला पुन्हा घोडी समजण्यात आलं. पॉइंट कोंडाबाईपासून मागे मोजला जाऊ लागला. कड्याचं टोक धोकादायक असतं म्हणून कोंडाबाईभोवती कठडा बसवणं नगरपरिषदेला भाग होतं. तिनं तो अंगणात लावून घेतला आणि त्यावर घोंगडी वाळत घालू लागली. संध्याकाळी लोक येत, बाकावर बसत. घोडीचं खाणं उरकलं की सूर्य बुडे, त्याआधी नाही. कुणाला गाडी गाठायची असली तरी शेवंती आपल्या चवीनंच खाई.

मग थंडीत एकदा कोंडाबाईनं देवस्थळींना निरोप पाठवला की उद्या पॉइंट उंबरकोंडला जाणार आहे. तिची धाकटी बहीण यसू तिथे दिली होती, आणि बऱ्याच दिवसांत जाणं झालं नव्हतं. परवानगी तिनं मागितली नव्हती, नुसतं कळवलं होतं. देवस्थळींनी नियम पाहिले. टोक जाईल तिथे पॉइंट जाणार, त्याला हरकत घेता येत नव्हती. त्यांनी अंगणाच्या कठड्यावर पाटी लावून घेतली, ‘पॉइंट बाहेरगावी गेला आहे’.

उंबरकोंड म्हणजे डोंगराच्या पूर्वेच्या पायथ्याला, दोन सोंडांच्या बेचक्यात बसलेली वाडी. तिथे दिवस उगवतो तो छान उगवतो, पण दुपार कलली न कलली की सूर्य सावरमाथ्याच्या मागे जातो आणि वाडीवर डोंगराची सावली पडते. तिथल्या बायका शिळोप्याच्या वेळेलाच चूल पेटवतात. सावरमाथ्यावर ओझी वाहण्यात त्यांचा जन्म गेला, पण अंधाराआधी खाली उतरायचं म्हणून मावळतीपर्यंत वर कुणी थांबलं नव्हतं. सूर्य मावळतो हे त्यांना माहीत होतं, ते ऐकून.

कोंडाबाई पोचली तेव्हा सावली पडलेली होती. तिनं यसूच्या अंगणात शेवंतीला बांधलं, पाणी दाखवलं, खरारा केला. हळूहळू घोडीच्या पाठीमागे उजेड येऊ लागला. यसूनं दारातून पाहिलं आणि हातातला तवा तसाच धरून बाहेर आली. मग शेजारणी आल्या, त्यांच्या सासवा आल्या, गुडघे धरत म्हातारे आले. शेवंतीच्या पाठीवरून त्यांना निळे डोंगर दिसत होते, आणि त्यांच्यावर टेकलेला सूर्य. सगळ्यांची तोंडं तांबडी झाली होती. कोंडाबाईनं एक काडी चाखली आणि गवत घोडीपुढे सोडलं.

“वर रोज असंच असतं?” यसूची सासू म्हणाली.

“रोज.”

म्हातारी बघत राहिली. शेवंतीपुढचं गवत सरत आलं होतं.

“आता किती येळ हाय ह्यो?”

“हिचं खाऊन हुईस्तवर,” कोंडाबाई म्हणाली.

म्हातारी गोठ्यात गेली, आपल्या म्हशीसाठी ठेवलेली गवताची पेंढी उचलून आणली, तिच्यातली पहिली काडी स्वतः चावली आणि पेंढी शेवंतीपुढे टाकली.